पालथे निजवण्याचे शास्त्र : श्वसनयंत्रावरील रुग्ण आणि प्रोन पोझिशन

बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की एके दिवशी ते आपले आपण पालथे पडते. घरात त्या दिवशी ती मोठी वार्ता असते. लसीसाठी दवाखान्यात आलेली आई कार्ड पुढे करण्याआधी 'डॉक्टर, पालथा पडायला लागला बरं का' हे सांगते आणि आम्ही बालरोगतज्ज्ञ विकासाच्या तक्त्यात त्यापुढे खूण करतो. त्याच आईला मी लगेच दुसरी गोष्टही बजावते. जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर त्याला खुशाल पालथे पडू द्या. निजवताना मात्र नेहमी उताणेच निजवा. हा सल्ला अमेरिकन बालरोग अकादमीने १९९२ साली दिला, १९९४ पासून तेथे त्याची देशव्यापी मोहीम झाली आणि पुढील दहा वर्षांत झोपेतील अकस्मात बालमृत्यूंचे प्रमाण तेथे सुमारे निम्म्यावर आले. एवढ्या साध्या आणि बिनखर्चाच्या सूचनेने इतके जीव वाचल्याची उदाहरणे बालरोगशास्त्रात फार नाहीत.

अशा स्थितीत एका पित्याने मला अतिदक्षता विभागाच्या दारात अडवून विचारले, "मॅडम, आप ही तो कहती थीं कि बच्चे को उल्टा मत सुलाना. अब आपने खुद सुला दिया?" त्याचा पाच वर्षांचा मुलगा न्यूमोनियामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावर होता आणि तासाभरापूर्वीच आम्ही पाच जणांनी मिळून त्याला पालथे केले होते. प्रश्न रास्त होता. त्या वेळी दारात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते असे मला नंतर वाटत राहिले. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा विषय विचारला तेव्हा तेच उत्तर सविस्तर लिहावे असे ठरवले. डॉक्टर नसलेल्या वाचकांनाही त्याचा उपयोग व्हावा, कारण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांनंतर 'प्रोन' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात येऊन गेला आहे.

प्रथम विसंगतीचा उलगडा करू. घरी पालथे निजलेल्या तान्ह्या बाळाचे तोंड गादीत रुतते, आपणच सोडलेली हवा ते पुन्हा आत घेते, आणि गुदमरले तरी जागे होऊन मान वळवण्याची त्याची शक्ती त्या स्थितीत उणी पडते. जवळ कोणी पाहत नसते. श्वसनयंत्रावरील मुलाच्या श्वासनलिकेत नळी असते, दर श्वासाला किती हवा गेली हे यंत्र मोजते, प्राणवायूचा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि उशाशी परिचारिका असते. पहिल्या स्थितीतील धोका दुसरीत उरत नाही. उलट दुसऱ्या स्थितीत उताणे निजणेच धोक्याचे होऊन बसते. ते का, हे समजण्यासाठी फुफ्फुसाच्या आत डोकवावे लागेल.

ओल्या स्पंजांची चळत

तीव्र श्वसनकष्टाचा जो लक्षणसमूह आपण ए.आर.डी.एस. म्हणून ओळखतो, त्याचे पहिले वर्णन ॲशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली 'लॅन्सेट'मध्ये बारा रुग्णांवरून केले. न्यूमोनिया, सेप्सिस, बुडणे, मोठी इजा असे कारण कोणतेही असो. वायुकोशांच्या भिंतींतून द्रव झिरपतो, फुफ्फुस जड होते, हवेची जागा पाणी घेते आणि बाहेरून कितीही प्राणवायू दिला तरी रक्तात तो पुरेसा चढत नाही. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या दिसतात. त्यामुळे वीस वर्षे सर्वांची समजूत अशी होती की फुफ्फुस सर्वत्र सारखेच बिघडलेले असते.

ही समजूत मोडली ती सी.टी. स्कॅनमुळे. इटलीतील मिलान येथे लुचानो गॅटिनोनी यांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांचे स्कॅन करून पाहिले. उताण्या रुग्णात पाठीकडचा भाग घट्ट, बिनहवेचा. छातीकडचा भाग मात्र बराचसा उघडा. प्रौढ माणसाच्या छातीत हवा खेळणारे असे जे फुफ्फुस शिल्लक उरते, ते साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढे भरते असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला 'बेबी लंग' असे नाव दिले. मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. येथे मात्र सहा फुटी माणूसच फुफ्फुसापुरता बालक झालेला असतो, आणि यंत्र त्याच्या वजनाकडे पाहून त्याला सहा फुटी माणसाचा श्वास देत असते. तो सगळा श्वास त्या उरलेल्या छोट्या भागात कोंबला जातो. तो भाग ताणला जातो, सुजतो, प्रसंगी फाटतो. ज्या यंत्राने जगवायचे, तेच अशा रीतीने फुफ्फुसाला इजा करते.

मग गॅटिनोनींनी रुग्णांना पालथे करून पुन्हा स्कॅन केले. त्यांची सुरुवातीची कल्पना अशी होती की छातीकडचा उघडा भाग आता खाली येईल, रक्त त्याच्याकडे वळेल आणि प्राणवायू वाढेल. दिसले ते वेगळेच. काही मिनिटांत पाठीकडची घट्ट सावली विरळ झाली आणि छातीकडे नवी सावली आली. बिघाड एका जागी खिळलेला नव्हता. तो वजनाने होणारा दाब होता आणि रुग्ण फिरला की तोही फिरत होता. ओल्या स्पंजांची चळत रचली तर सर्वांत खालचा स्पंज वरच्यांच्या भाराने पिळला जातो. चळत उलटी केली तर तो मोकळा होतो. हे स्पंजाचे रूपक तेव्हापासून रूढ झाले.

एवढ्यावर समाधान मानले तर एक शंका उरते. चळत उलटली म्हणजे आता दुसरा स्पंज पिळला जाणार; मग फायदा काय? याचे उत्तर आपल्या छातीच्या घडणीत आहे. फुफ्फुसाचा अधिक मोठा हिस्सा पाठीकडे असतो, छातीकडचा तुलनेने अरुंद. त्यामुळे पालथे केल्यावर जितके उघडते त्याहून कमी मिटते. उताण्या स्थितीत हृदय फुफ्फुसाच्या काही भागावर टेकलेले असते. पालथे केल्यावर ते छातीच्या हाडावर विसावते. गुंगीत आणि स्नायू शिथिल असलेल्या रुग्णात पोटातील अवयव श्वासपटलाला पाठीमागच्या बाजूने वर ढकलत असतात. तो रेटाही कमी होतो. छातीचा पुढचा पिंजरा एरवी लवचीक असल्याने हवा तिकडेच धावते. तो गादीला टेकून काहीसा जखडला की हवा पाठीकडे आणि श्वासपटलाकडे अधिक समप्रमाणात वाटली जाते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्ताची. रुग्ण पालथा झाला तरी फुफ्फुसातील रक्तप्रवाहाचा मोठा वाटा पाठीकडेच राहतो. म्हणजे जेथे रक्त आधीपासून जात होते पण हवा पोचत नव्हती, तेथे आता हवा पोचते. शंट कमी होतो तो यामुळे. कफही खाली ओघळून नळीतून ओढून घेणे सोपे जाते, पण तो लाभ त्या मानाने दुय्यम.

पालथ्या घड्यावर पाणी

हा विचार नवा नव्हता. टोरांटोच्या बालरुग्णालयातील चार्ल्स ब्रायन यांनी १९७४ सालीच, भूल दिलेल्या आणि स्नायू शिथिल केलेल्या रुग्णाला पालथे ठेवले तर पाठीकडचे फुफ्फुस अधिक उघडेल, असे लिहून ठेवले होते. १९७६ साली पील आणि ब्राउन यांनी पाच रुग्णांवर, आणि १९७७ साली मेयो क्लिनिकच्या डग्लस व सहकाऱ्यांनी सहा रुग्णांवर ते करून दाखवले, प्राणवायू वाढला. १९७९ साली श्वसनयंत्रावरील नवजात बालकांतही तसेच आढळले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नवजात कक्षात पालथे ठेवण्याची रीत आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या अंगवळणी पडली आहे. तरीही प्रौढांच्या अतिदक्षता विभागात ही गोष्ट कित्येक वर्षे 'सर्व उपाय हरल्यावर' या सदरातच राहिली. एका मोठ्या माणसाला नळ्या-तारांसकट उलटवण्याचे श्रम आणि भय हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण असे की जेव्हा शास्त्रशुद्ध चाचण्या झाल्या तेव्हा त्यांनी निराशा केली.

गॅटिनोनींचीच ३०४ रुग्णांची चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. प्राणवायू सुधारला, मृत्यू कमी झाले नाहीत. फ्रान्समधील क्लॉड गेराँ यांनी ७९१ रुग्णांवर केलेल्या २००४ सालच्या चाचणीचा निष्कर्षही तोच. लहान मुलांत मार्था कर्ली यांनी केलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. या विदुषी परिचर्येच्या क्षेत्रातील आहेत, हे मुद्दाम नमूद करते. रुग्णाला कसे निजवावे या प्रश्नावर परिचारिकेइतका विचार आपण डॉक्टरांनी क्वचितच केलेला असतो. १०२ मुलांनंतर, फरक दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून ती चाचणी थांबवण्यात आली. यंत्राविना काढलेले दिवस एका गटात सरासरी १५.८, दुसऱ्यात १५.६. हे वाचून आमच्यापैकी अनेकांनी हा विषय मिटला असे मानले. मीही मानले.

म्हणूनच २००९ सालची एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते.

त्या वर्षीच्या स्वाइन फ्लूच्या साथीत सात वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. दोन्ही फुफ्फुसे पांढरी. यंत्रावरच्या चौथ्या रात्री शंभर टक्के प्राणवायू चालू असूनही सॅच्युरेशन ८० च्या वर जाईना. कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे म्हणून मी टायडल व्हॉल्यूम किलोमागे १० मिलिलिटरच्या आसपास नेलेला होता. दुसरे काही सुचेना तेव्हा रात्री दहाच्या सुमारास आम्ही तिला पालथे केले. अकरा वाजता आकडा ९१ झाला. निवासी डॉक्टरने मला फोनवर तो दोनदा वाचून दाखवला. आनंद सर्वांनाच झाला होता.

सकाळी पाळी बदलली. क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला, आठ खाटांमागे दोन परिचारिका होत्या, तोंडाची निगा राखायची होती, आणि आकडा तर चांगला होता. आठ तासांनी आम्ही तिला उताणे केले. दुपारपर्यंत सॅच्युरेशन ९० च्या आसपास टिकले. 'गरज पडल्यास पुन्हा पालथे करावे' असा शेरा माझ्याच अक्षरात त्या कागदावर आहे. टायडल व्हॉल्यूम आणि दाब आहेत तेथेच राहिले. ते उतरवावेत असे माझ्या मनातही आले नाही. सायंकाळी उजव्या बाजूचे फुफ्फुस फाटून छातीत हवा भरली. नळी घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

अधिक वेळ पालथे ठेवले असते तर ती वाचली असती, असे मी म्हणत नाही. एका रुग्णावरून तसे म्हणणे हे शास्त्र नव्हे, आणि तिचा आजार फार पुढे गेलेला होता. पण त्या रात्री मिळालेल्या लाभाचे मी काय केले, हा प्रश्न माझ्याकडे राहिला आहे. वाढलेले सॅच्युरेशन ही मिळकत होती. तिच्या बळावर श्वास लहान करायचा, दाब कमी करायचा, उरलेल्या फुफ्फुसाला विसावा द्यायचा, हे करायला हवे होते. किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटरचा श्वास दिला तर मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर येते, हे अमेरिकेतील ८६१ प्रौढ रुग्णांच्या चाचणीने २००० सालीच दाखवले होते. आणि त्याच चाचणीत लहान श्वास मिळालेल्यांचा प्राणवायूचा आकडा पहिल्या काही दिवसांत दुसऱ्या गटापेक्षा खराब होता. आकडा खराब आणि माणसे अधिक वाचली. मी ते वाचलेले होते, परीक्षेला विद्यार्थ्यांना विचारलेही होते. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण दर वेळी दुसऱ्यांनाच लागू पडते असे नाही.

लिऑनची चाचणी

क्लॉड गेराँ यांनी २००४ च्या अपयशानंतर विषय सोडला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आधीच्या चाचण्यांत काय चुकले याचा त्यांनी शोध घेतला. रुग्ण पुरेसे गंभीर नव्हते. पालथे ठेवण्याचा काळ दिवसाला जेमतेम सात-आठ तासांचा होता. आणि श्वास मोठे होते. म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात होते. लिऑन येथून त्यांनी जी नवी चाचणी आखली ती 'प्रोसेव्हा' या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील २६ आणि स्पेनमधील एक अतिदक्षता विभाग तिच्यात सहभागी होते, आणि पालथे करण्याचा पाच वर्षांहून अधिक अनुभव ही सहभागाची अट होती. किमान ६० टक्के प्राणवायू देऊनही पी-एफ गुणोत्तर १५० च्या खाली असलेले रुग्णच घेतले. निवडीपूर्वी १२ ते २४ तास नीट उपचार करून, जे तेवढ्यानेच सुधारले त्यांना वगळले. दोन्ही गटांना किलोमागे ६ मिलिलिटरचा श्वास. आणि पालथे ठेवायचे ते सलग किमान १६ तास.

निकाल २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आला. एकूण रुग्ण ४६६. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू उताण्या गटात ३२.८ टक्के, पालथ्या गटात १६ टक्के. नव्वद दिवसांचे आकडे ४१ आणि २३.६. म्हणजे साधारण सहा रुग्ण पालथे केले की एक जास्तीचा जीव वाचतो. ए.आर.डी.एस.मध्ये इतका मोठा फरक दाखवणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही; आणि याला लागते काय, तर चार-पाच माणसे, उशा आणि चादरी. हृदय बंद पडण्याच्या घटनाही पालथ्या गटात कमी घडल्या, १६ विरुद्ध ३१. 'उलटवताना काही झाले तर' या भीतीने हात आखडणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

या चाचणीच्या पुढील विश्लेषणातून आणखी एक गोष्ट निघाली आणि माझ्या दृष्टीने तीच कळीची आहे. पालथे केल्यावर ज्यांचा प्राणवायू पुष्कळ वाढला ते अधिक वाचले आणि ज्यांचा वाढला नाही ते कमी, असे दिसले नाही. लाभ दोघांनाही झाला. प्राणवायूचा आकडा हे या उपायाचे दृश्य फळ आहे. जीव वाचतो तो बहुधा फुफ्फुसावरचा ताण सर्वत्र सारखा वाटला गेल्यामुळे, यंत्राची इजा कमी झाल्यामुळे. यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. आकडा सुधारला म्हणून लवकर उताणे करू नये, आणि आकडा लगेच सुधारला नाही म्हणून उपाय सोडू नये. मी २००९ साली पहिली चूक केली.

तरीही हा उपाय लगेच सर्वत्र रुजला असे झाले नाही. ५० देशांतील ४५९ अतिदक्षता विभागांची २०१४ मधील पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, अतिगंभीर ए.आर.डी.एस. असलेल्यांपैकी केवळ १६.३ टक्के रुग्णांना पालथे केले गेले होते. नंतरच्या एका पाहणीत न करण्याचे सर्वांत मोठे कारण काय निघाले? 'रुग्ण अजून तितका गंभीर वाटला नाही.' हे वाक्य मला फार ओळखीचे वाटले.

कोविडने ते संकोच मोडले. नळी न घातलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णांना पालथे निजण्यास सांगणे हा तेव्हाचा नवा प्रयोग. सहा देशांतील ११२१ रुग्णांच्या २०२१ सालच्या संयुक्त अभ्यासात उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण ४६ वरून ४० टक्क्यांवर आले. हा लाभ मुख्यतः नळी टाळण्याचा होता, मृत्यूचे प्रमाण लक्षणीय उतरले असे त्यात दिसले नाही. आपल्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये सॅच्युरेशन ९४ च्या खाली असलेल्यांसाठी चार-पाच उशा कोठे ठेवाव्यात याची सचित्र सूचना काढली होती. त्या दिवसांत खाट मिळत नव्हती, प्राणवायू मिळत नव्हता. तेव्हा घरच्या उशा हाताशी होत्या, एवढे तरी होते. पण शुद्धीवरील रुग्णाचे पालथे निजणे आणि यंत्रावरील रुग्णाला सोळा तास पालथे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या माफक पुराव्यावरून दुसरीला तोलू नये.

मुलांबाबत

माझ्या शाखेपुरते प्रामाणिकपणे सांगायचे तर मुलांत मृत्यू कमी होतात असा पुरावा 'प्रोसेव्हा'च्या तोडीचा नाही. बालरोगातील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही येथे सावध आहेत; सरसकट करा असे ती म्हणत नाहीत, करू नका असेही म्हणत नाहीत. कर्ली यांच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाणच मुळात कमी होते, त्यामुळे त्यातील फरक दिसायला जागा थोडी होती. तान्ह्या मुलांची छाती फार लवचीक असते, त्यांचे आजारही निराळे. असे असूनही गंभीर ए.आर.डी.एस. झालेल्या मुलाला मी आज पालथे करते, पहिल्या चोवीस तासांत करते आणि सोळा तासांच्या आत सहसा उताणे करत नाही. शरीरशास्त्र पटण्याजोगे आहे, प्रौढांतील पुरावा भक्कम आहे, आणि नीट केले तर अपाय थोडा आहे. कोणा सहकाऱ्याने हा प्रौढांचा पुरावा मुलांवर लादणे आहे असे म्हटले तर त्यावर माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही.

आता 'नीट केले तर' याविषयी. उलटवण्यास दोन मिनिटे लागतात, तयारीस अर्धा तास. पोटातील दूध नळीने ओढून काढावे. श्वासनलिकेतील नळी ओठापाशी किती सेंटीमीटरवर आहे ते मोठ्याने वाचून कागदावर लिहावे आणि ओली झालेली चिकटपट्टी आधीच बदलावी, कारण पालथ्या मुलाच्या तोंडातून लाळ गळून पट्टी सुटते. कफ ओढून घ्यावा, काही मिनिटे शंभर टक्के प्राणवायू द्यावा. डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवाव्यात. इ.सी.जी.चे इलेक्ट्रोड छातीवरून काढून पाठीवर लावावेत. डोक्याशी उभी असलेली व्यक्ती नळी आणि मान धरते. शब्द तिचा, बाकीच्यांनी तो ऐकून हलायचे, मग ते कितीही ज्येष्ठ असोत. तान्ह्या बाळाला आम्ही खाली एक आणि वर एक असे दोन दुपट्यांत कडा गुंडाळून घट्ट धरतो, आधी खाटेच्या कडेला सरकवतो, मग कुशीवर आणि मग पालथे. ज्यांनी आपल्या आजीला बाळ दुपट्यात बांधताना पाहिले आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना दोन चादरींची तीच गुंडाळी.

छातीच्या वरच्या भागाखाली आणि कमरेखाली उशी, पोट मधोमध मोकळे. गुडघ्यांखाली मऊ घडी. खाटेची डोक्याकडची बाजू किंचित उंच. एक हात वर, दुसरा खाली, तोंड वरच्या हाताकडे, पोहणाऱ्यासारखे. दर दोन तासांनी मान आणि हात बदलायचे, नाहीतर गालावर, हनुवटीवर, कानाच्या पाळीवर व्रण होतात आणि खांद्यातील नसा ताणल्या जातात. अस्थिर मणक्याची इजा, मेंदूतील वाढलेला दाब, नुकतीच उघडलेली छाती वा पोट, सावरता न येणारा रक्तदाब या स्थितींत हे करू नये, वा फार विचाराने करावे.

एकदा आमच्याकडे उलटवल्यानंतर वीस मिनिटांनी सॅच्युरेशन धाडकन उतरले. सर्वांनी 'हिला पालथे सोसत नाही' असे म्हटले आणि पुन्हा उताणे करायला हात घातले. परिचारिकेने नळीतून कफ ओढायची सोंड घालून पाहिली. ती आत जाईना. पाठीकडचे फुफ्फुस उघडून सुटलेला घट्ट कफ नळीत येऊन अडकला होता. नळी बदलली, आकडा वर आला. तेव्हापासून पालथ्या रुग्णाचा आकडा उतरला की आधी नळी तपासायची, स्थिती मागाहून, असा आमच्या विभागात नियम आहे. त्या परिचारिकेच्या सांगण्यावरूनच आम्ही पहिल्या दोन तासांत कफ ओढण्याच्या वेळा वाढवल्या.

थांबायचे केव्हा? 'प्रोसेव्हा'तील कसोटी सोपी आहे : उताणे केल्यावर चार तासांनीही पी-एफ गुणोत्तर १५० वा अधिक, प्राणवायू ६० टक्के वा कमी आणि पीप १० वा कमी राहिले तर पुन्हा पालथे करण्याची गरज नाही. त्या रुग्णांना सरासरी चार वेळा पालथे करावे लागले होते. छोट्या नर्सिंग होमच्या मित्रांना एक विनंती. असा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवताना नळी घातल्याची वेळ, दिलेला प्राणवायू आणि दाब हे चिठ्ठीवर लिहून द्या. पालथे करण्याचा निर्णय त्या घड्याळावर घ्यायचा असतो, आणि कित्येकदा चिठ्ठीवर केवळ 'न्यूमोनिया, रेफर्ड' एवढेच असते.

त्या पित्याकडे परत येते. त्याचा मुलगा तीन वेळा पालथा केला गेला आणि अकराव्या दिवशी त्याची नळी निघाली. पण पहिल्या दिवशी आम्ही त्याला आत सोडले तेव्हा त्याला कोणी काही सांगितले नव्हते. मुलाचा चेहरा सुजून पापण्या फुगलेल्या, जीभ किंचित बाहेर, पाठ वर. तो मागच्या मागे भिंतीला टेकला. तेव्हापासून उलटवण्याआधीच नातेवाइकांना बसवून सांगते : मूल पोटावर दिसेल, चेहरा आणि डोळे सुजतील, ती सूज उताणे केल्यावर एक-दोन दिवसांत उतरते, मध्येच कितीही वाटले तरी आम्ही त्याला उद्या सकाळपर्यंत पालथेच ठेवणार आहोत, तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवू शकता, बोलू शकता. घरातील तान्ह्याला मात्र उताणेच निजवा, हे शेवटी आठवणीने सांगते.